बेचाळीस ‘नाही’

माझ्या मामांची नोकरी मास्तरकीची, पण सगळा पट्टा त्यांना ओळखायचा तो श्रद्धांजलीसाठी. पिशोरच्या आसपास कुठंही कुणी गेलं की शहरात गारखेड्यातल्या आमच्या घरी फोन यायचा, गुरुजी, मातीला या, दोन शब्द बोला. मामा हातातला घास ठेवून उठायचे. मामी म्हणायची, एवढ्या लगबगीनं हा माणूस कधी कुणाच्या बारशाला गेला नाही. पुंडलिक गुरुजी म्हणजे बारीक चणीचा, काळासावळा, बुटका माणूस, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्याला कळू नये.

मी मेघा, त्यांच्या बहिणीची मुलगी. नर्सिंगला म्हणून शहरात आले, त्यांच्या घरी राहिले, आणि नोकरी लागल्यावरही तिथंच चिकटले. तोवर त्या घरात मुलीची जागा रिकामी झाली होती.

आमच्या भागातली रीत आधी सांगते. सरण पेटलं की लोक लगेच पांगत नाहीत. खाली बसतात, कुणीतरी छोटा स्पीकर आणतं आणि श्रद्धांजली सुरू होते. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, पाहुण्यांतला एखादा हेडमास्तर बोलतो. हयातभर बायकोला बडवणारा तिथं प्रेमळ होतो आणि शेजाऱ्याचा बांध कोरणारा दिलदार. आमच्या बौद्ध वस्तीतही तसंच, फक्त आधी त्रिशरण-पंचशील होतं आणि बायाही येतात. एक नियम मात्र सगळ्या जातींत सारखा. बोलायला उठलेल्याला अडवायचं नाही. मेलेल्याचा वैरी उठला तरी माइक द्यायचा.

मामा इतिहास शिकवायचे, आणि इजिप्तचा धडा आला की त्यांना चेव यायचा. औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी त्या विषयावरची जाडजूड पुस्तकं आणली होती. वर्गात लावायला एक तक्ताही होता, आणि तो काढला होता त्यांच्या एकुलत्या मुलीनं, निशानं. त्यात एक मोठा काटा. एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज, दुसऱ्यात सत्याच्या देवीचं पीस. काटा बघायला कोल्ह्याच्या तोंडाचा देव, निकाल टिपायला पक्ष्याच्या तोंडाचा. खाली वाट बघत बसलेली एक मादी, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं आणि मागचं पाणघोड्याचं. काळीज पिसाहून जड भरलं की ती ते गिळायची, आणि मग त्या माणसाला ना हे जग ना ते. निशानं तिला आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याची शेपटी काढली होती आणि नाव ठेवलं होतं गिळीबाई. घरात कुणी थाप मारली की निशा विचारायची, सांगू का गिळीबाईला?

काट्याआधी त्या मेलेल्याला बेचाळीस देवांसमोर उभं राहावं लागायचं. एकेका देवाला एकेक ‘नाही’ सांगायचा. मी चोरी केली नाही. मी खोटं बोललो नाही. मापात खोट केली नाही. लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही. कुणाला रडवलं नाही. पाण्याच्या वेळी पाणी अडवलं नाही. मामा हे वर्गात डोळे मिटून म्हणायचे आणि पोरं गप्प व्हायची. मग ते सांगायचे की श्रीमंतांनी तिथंही सोय करून घेतली होती. हे सगळे ‘नाही’ लिहिलेल्या गुंडाळ्या तयार विकत मिळायच्या, नावाची जागा तेवढी मोकळी. शिवाय छातीवर ठेवायला शेणकिड्याच्या आकाराचा एक दगड. त्यावर मंत्र कोरलेला असायचा, ‘माझ्या काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ म्हणजे माणसानं मेल्यावर देवांपुढं खोटं बोलायचं आणि काळजाचं तोंड दगडानं दाबायचं. एवढं सांगताना मामांचा आवाज चढायचा.

आत्मा, पुनर्जन्म, स्वर्ग यांतलं काहीच मामा मानत नसत. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांच्या भिंतीवर होत्या. कुणी चिडवलं की गुरुजी, बुद्धाचे होऊन कसले हे कोल्हे-पक्षी धरून बसलात, तर ते एवढंच म्हणायचे, ‘मी आत्मा नाय मानत. काटा मानतो.’

सोळा सालच्या उन्हाळ्यात हे कुटुंब पिशोरजवळच्या आमच्या वस्तीवरच राहत होतं. वस्तीला सरकारी टँकर मंजूर होता आणि त्याचा ठेका राजेंद्रअण्णाकडं होता. मोठा बागायतदार, गावाचा पुढारी. मी त्याला अहो-जाहो करणार नाही, वाचणाऱ्यानं राग मानू नये. कागदावर टँकर रोज वस्तीवर येत होता. खरं तर तो वस्तीवरून पुढं जायचा आणि त्याच्या मोसंबीच्या शेततळ्यात रिकामा व्हायचा. बाया रस्त्यात आडव्या झाल्या, मामा तहसीलला जाऊन आले, राजेंद्रनं हात जोडून सांगितलं की उद्यापासून नक्की. तोवर पोरींनी जुन्या विहिरीत उतरून तळाचं पाणी तांब्यानं हंड्यात भरायचं. निशा दहावीचे पेपर देऊन मोकळी झाली होती. ती उतरली, कडेचा दगड निसटला, आणि तिला वर काढलं तेव्हा तांब्या तिच्या मुठीतच होता. पंचनाम्यात आलं, पाय घसरून मृत्यू.

आणि तिच्या मातीला श्रद्धांजलीला पहिला कोण उठला? राजेंद्रअण्णा. पांढरे कपडे, हातात माइक. गुणी लेकरू होतं म्हणाला. मराठवाड्याच्या नशिबातच पाणी नाही म्हणाला. सगळ्यांनी पाणी जपून वापरा, हीच निशाला खरी श्रद्धांजली, असंही म्हणाला. सगळी वस्ती खाली मान घालून बसली होती, कारण बोलणाऱ्याला अडवायचं नसतं. मी तेव्हा विशीत होते आणि हातात एक दगड घेतला होता. माझ्या आईनं तो काढून घेतला, त्याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर मामांनी बदली घेतली, बिऱ्हाड गारखेड्याला हललं, आणि त्यांनी श्रद्धांजलीला बोलायला सुरुवात केली. दुःखानं माणूस स्मशानाकडं ओढला गेला, असं लोकांना वाटलं. मला त्यांनी खरं सांगितलं. ‘अण्णाच्या मातीला मला बोलायचंय. तवर लोकांना माझं ऐकायची सवय लागली पायजे.’

त्यांची बोलायची तऱ्हा सगळ्यांहून निराळी होती. ते गुण सांगायचेच नाहीत. बेचाळीसमधले पाच-सहा ‘नाही’ निवडायचे, जे त्या माणसाला खरोखर लागू पडतात तेवढेच. सरूबाई नावाची एक म्हातारी सुईण वारली. मामा म्हणाले, ‘सरूबाईनं लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही. कुणाचं गुपित दुसऱ्या दारात नेलं नाही. पाणी अडवलं नाही.’ एवढंच. लोक ढसाढसा रडले. पुढं पिशोरच्या बाजारातला एक बडा अडत्या गेला. त्याच्यासाठी मामांनी चांगले सात ‘नाही’ म्हटले, पण ‘मापात खोट केली नाही’ हा त्यांत नव्हता. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मग एकेक शेतकरी शेजाऱ्याकडं बघायला लागला. अडत्याची पोरं मामांकडं खाऊ का गिळू बघत होती. पण करतात काय? मामांनी त्यांच्या बापाला एक शब्द वाईट म्हटला नव्हता.

तेव्हापासून लोक त्यांचं श्रद्धांजलीचं बोलणं कान टवकारून ऐकू लागले. काय म्हणाले यापेक्षा काय गाळलं याची चर्चा चहाच्या टपरीवर आठवडाभर चालायची. दुसरे बोलणारेही त्यांची नक्कल करू लागले. सरपंच काय, चेअरमन काय, सगळे ‘नाही, नाही’ करायला लागले, कारण त्याशिवाय श्रद्धांजली झाल्यासारखी वाटेना. आणि शेवटचा ‘नाही’ ठरलेला. जुन्या पुस्तकांत तो मध्येच कुठं तरी आहे, मामांनी तो उचलून शेवटी ठेवला होता. पाणी अडवलं नाही. ज्यांच्याकडं अडवायला पाणीच नव्हतं त्यांच्याबद्दल ते खरंच होतं, आणि आमच्या भागात मरणारे बहुतेक तसलेच असतात. काही वर्षांत लोक ती ओळ मामांबरोबर म्हणायला लागले. पंचशील म्हटल्यासारखी सगळ्यांच्या तोंडी बसली.

राजेंद्र ह्या सगळ्या मातींना हजर असायचा. जिल्हा परिषदेवर डोळा होता, आणि मतदार जिथं जमतात तिथं हा गेल्यावाचून राहणारा नव्हता. ती ओळ आली की तो चपला शोधायच्या निमित्तानं उठायचा. मामा बोलताना बाकी कुणाकडं बघत नसत, पण तेव्हा त्याच्याकडं बघायचे.

मामांचा बेत त्यांनी एकदा जेवताना आम्हाला सांगितला. राजेंद्रच्या मातीला ते एकेचाळीस ‘नाही’ म्हणणार होते. सगळे. खरे असोत नसोत. चोरी केली नाही, खोटं बोलला नाही, कुणाला रडवलं नाही, सगळं त्याला बहाल करणार होते. आणि शेवटचा न म्हणता खाली बसणार होते. मामी म्हणाली, म्हणजे तुम्ही एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलणार, आणि तेही त्या मेल्यासाठी? मामा म्हणाले, व्हय, एकेचाळीस येळा बोलीन, माझं काळीज जड झालं तर होऊ दे. मामीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मी तिच्याकडं बघितलं, तिलाही तेच हवं होतं.

मग राजेंद्रला छातीचं दुखणं निघालं, शहरात ऑपरेशन झालं. तोवर त्यानं शहराच्या कडेला पडेगावला बंगला बांधला होता. बरा झाल्यावर एका दुपारी तो आमच्या दारात आला, बरोबर मोसंबीची गोणी. त्याच बागेतली मोसंबी. ड्रायव्हरनं ती उंबऱ्याच्या आत ठेवली आणि मामीनं पायानं बाहेर सरकवली. राजेंद्रनं बघून न बघितल्यासारखं केलं.

बराच वेळ हवापाण्याचं बोलून तो मुद्द्यावर आला. आवाज बारीक केला होता. ‘गुरुजी, मानसाचा भरवसा नाय. माझ्या मातीला तुमी बोलनार का?’

‘बोलनार ना,’ मामा म्हणाले. ‘त्येच्यासाठीच तर जीव धरून ऱ्हायलोय.’

‘ती शेवटची ओळ बी म्हना. लोकं लई वाईट असत्यात. पोराला गावात तोंड दाखवायचंय.’

मामांनी त्याला बसवून त्या शेणकिड्याच्या दगडाची गोष्ट सांगितली, अगदी वर्गात सांगायचे तशी, मंत्रासकट. राजेंद्र हं हं करत होता. शेवटी मामा म्हणाले, ‘तुमच्या छातीवर ठेवायला तसला दगड माझ्याकडं नाय, अण्णा. तुमी वस्तीवर या. विहिरीपाशी उभं राहून टँकर कुठं जात हुता ते सगळ्यांपुढं सांगा. मग मी तुमच्यासाठी ती ओळ सोडून पायजे ते म्हनतो, आन् माझं वैर बी संपलं.’

राजेंद्र उठला. झालं ते अपघातानं झालं, पंचनामा आहे, असं म्हणाला आणि गेला. गोणी दारात तशीच राहिली. मामीनं तिला हात लावू दिला नाही. मोसंबी सडली, वास सुटला, गल्लीतल्या बायांनी विचारलं, तरी नाही. शेवटी घंटागाडीवाला घेऊन गेला.

आणि मग जे व्हायला नको तेच झालं. राजेंद्र ठणठणीत झाला, आणि मामांच्या किडन्या गेल्या. मी ज्या दवाखान्यात काम करते तिथंच त्यांचं डायलिसिस सुरू केलं. मशीनला मी स्वतः जोडायची. आकडे मला कळत होते, त्यामुळं खोटं समाधानही करून घेता येईना. माझा सगळा जळफळाट व्हायचा. एवढी वर्षं हा माणूस उन्हातान्हात परक्यांची सरणं फिरला, आणि ज्याच्या सरणासाठी हे केलं तो पडेगावला सकाळी फिरायला जातो. मी एकदा मामांना तोंडावर म्हटलं, तुमचा काटा मोडलेला आहे. मामा हसले. ते आजारपणात फार हसायला लागले होते.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की माती वस्तीवरच करा, आणि राजेंद्रला माझा निरोप म्हणून फोन कर. पहिला माइक त्याला द्या. मला वाटलं, रक्तातलं विष डोक्यात गेलं. निशाच्या मातीला बोलला तोच माणूस तिच्या बापाच्याही मातीला? मी साफ नाही म्हटलं. मामी कोपऱ्यात लसूण सोलत होती, ती म्हणाली, मी करते फोन.

‘येतो का नाय बघ त्यो,’ मामा मला समजावत म्हणाले. ‘माइक सोडनारा मानूस नाय त्यो. आन् उभा ऱ्हायला की बोलंल काय? माझंच बोलंल. दुसरं आता कुनाला येतंच कुठं?’

चार दिवसांनी मामा गेले. त्यांना वस्तीवर नेणारी गाडी पडेगाववरून गेली तेव्हा राजेंद्रच्या बंगल्यासमोर त्याचाच हात जोडलेला फलक होता. वस्तीवर पोचलो तर तो आमच्याआधी हजर. पिशोरहून, कन्नडहून, कुठून कुठून माणसं आली होती. इतकी मोठी माती आमच्या वस्तीनं बघितली नव्हती. पंचशील झालं, सरण पेटलं, लोक खाली बसले. शाळेतले एक मास्तर माइक घेऊन उठले आणि म्हणाले, गुरुजींच्या इच्छेप्रमाणं पहिले दोन शब्द राजेंद्रअण्णा बोलतील. वस्तीतल्या बाया मामीकडं बघायला लागल्या. मामी सरणाकडं बघत होती.

राजेंद्रच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. ज्याची भीती होती तो समोर जळत होता, आणि वर त्यानंच मान दिला होता. तो भरभरून बोलला. गुरुजींचं नि आपलं घरोब्याचं नातं होतं म्हणाला. मग गळा जड करून त्यानं मामांचीच तऱ्हा धरली. ‘गुरुजी कधी खोटं बोलले नाहीत. गुरुजींनी चोरी केली नाही. मापात खोट केली नाही. लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही. कुणाला रडवलं नाही.’

लोक मान डोलावत होते. पुढची ओळ सगळ्यांना माहीत होती, म्हणायला ओठ उघडले होते. आणि राजेंद्रलाही तेव्हाच कळलं की पुढं काय आहे. तो थांबला. मग घाईघाईनं म्हणाला की एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

मागून वस्तीतल्या एका म्हातारीचा आवाज आला, साधा, आठवण करून दिल्यासारखा. ‘एक ऱ्हायलं, अण्णा.’

कुणी हसलं नाही. दुसऱ्या बाजूनं एक माणूस म्हणाला, व्हय, एक ऱ्हायलं. त्या अडत्याच्या मातीला बसलेले शेतकरी होते, सरूबाईच्या हातानं जन्मलेले होते, विहिरीतून निशाला वर काढणारे होते. सगळे त्याच्याकडं बघत होते. माइक खाली ठेवायची सोय नव्हती. एवढ्या माणसांपुढं गुरुजींची शेवटची ओळ न म्हणता बसला असता तर मामांनाच डाग लावल्यासारखं झालं असतं, आणि म्हणायची तर ती त्याच्या तोंडून निघायला हवी होती. ‘गुरुजींनी कधी,’ तो म्हणाला, ‘कधी कुणाचं पा...’ आणि त्याला ठसका लागला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ठसका. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेव्हा मामी उठली. लोकांसाठी ठेवलेल्या जारमधून तिनं एक पेला भरला, काठोकाठ, आणि त्या गर्दीतून न सांडता त्याच्यापर्यंत नेला. माइक त्याच्या हातात चालूच होता, त्यामुळं तिचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

‘प्या, अण्णा. आमी कुनाचं पानी अडवत नाय.’

तो पेल्याकडं बघत राहिला. घ्यावा तरी मेला आणि न घ्यावा तरी मेला. शेवटी त्यानं घेतला. निशाच्या आईच्या हातचं पाणी तो सगळ्या वस्तीदेखत प्याला, आणि घोट घशाखाली उतरताना स्पीकरमधून ऐकू येत होता. रिकामा पेला मामीनं परत घेतला आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

राजेंद्रनं माइक मातीवर ठेवला आणि गाडीकडं चालू लागला. ओळ त्यानं म्हटली नाहीच. तो पाठमोरा जात असताना मागं सगळी माती एका आवाजात म्हणाली, पाणी अडवलं नाही. मामांसाठी म्हटलं लोकांनी, पण ऐकायचं ज्यानं होतं त्यानं ऐकलं. तो जरा अडखळला. त्या वेळी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्याची कीव येते का म्हणून मी मनात शोधून बघितलं आणि ती कुठंच नव्हती.

मामीनं रडायला सुरुवात केली ती त्यानंतर.

आता राजेंद्र कुणाच्या मातीला जात नाही. निवडणुकीच्या सभेत उभा राहिला तर भाषण संपताना मागून कुणी ना कुणी म्हणतंच, एक ऱ्हायलं, अण्णा. तब्येत मात्र चांगली आहे त्याची, आमच्याच दवाखान्यात तपासायला येतो. मला बघितलं की नजर चुकवतो. मीही काळजी घेते की त्याला काही कमी पडू नये, गोळ्या वेळेवर, पाणी हाताशी. निशाचा तक्ता माझ्या खोलीत आहे. मामांचा आवाज मला नाही, पण आमच्यात बायाही मातीला जातात आणि बोलायला उठलेल्याला कुणी अडवत नाही. मी एकेचाळीस पाठ करून ठेवले आहेत.